आडात आहे, पोहऱ्यात का नाही?



'टंचाई' हा शब्द हल्ली इतका मुबलक झाला आहे की, टंचाई नसलेली ती एकच वस्तू म्हणावी. पाण्याची टंचाई, मजुरांची टंचाई, जागेची टंचाई. आणि ज्याच्या घरी हे सारे भरपूर, त्याला वेळेची टंचाई. एकादशीला कीर्तनास या म्हणून निरोप धाडावा तर उत्तर येते, "बुवा, मरायला सवड न्हाई बघा." ज्याच्या आजोबाला मोटेने पाणी काढून, बैलाला वैरण घालून, शिवाय पंढरीची पायी वारी करूनही सवड होती, त्याच्या नातवाला बटण दाबल्यावर पाणी येते आणि सवड नाही! हे कोडे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वस्तू वाढली की टंचाई घटावी, हा साधा हिशेब. तो चुकतो कोठे, याचा थोडा विचार करू.

पश्चिमेकडील अर्थशास्त्राने टंचाईला मोठ्या मानाचे आसन दिले आहे. 1932 साली लंडनचे अध्यापक लायोनेल रॉबिन्स यांनी त्या शास्त्राची जी व्याख्या केली तिचा मथितार्थ असा की, माणसाला हवे ते पुष्कळ, ते पुरवण्याची साधने थोडी, आणि एकेक साधन अनेक कामी लावता येण्याजोगे; तेव्हा कोणते साधन कोठे लावावे या निवडीचा विचार ते अर्थशास्त्र. व्याख्या चोख आहे. पण भाकरीची इच्छा आणि मोटारीची इच्छा या दोघी तिथे एकाच पंगतीला बसतात. वाढप्याने आधी कुणाच्या पानात वाढावे हे ती व्याख्या सांगत नाही, आणि ते सांगणे आपले कामच नव्हे असे म्हणते. आमचे सारे भांडण आहे ते नेमके या वाढपाचे.

आमच्या पाठशाळेत अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' पाठ करून घेत असत. त्यात पदार्थ सात सांगितले आहेत, आणि सातवा पदार्थ आहे 'अभाव'. लहानपणी याची मोठी मौज वाटे. 'नाही' हीसुद्धा एक वस्तू कशी? पुढे कळले की, आमच्या नैयायिकांनी 'नाही' या शब्दाला कोर्टात उभे करून उलटतपासणी घेतली आहे. नुसते 'नाही' म्हणून चालत नाही. काय नाही, हे सांगावे लागते. त्याला ते प्रतियोगी म्हणतात. कोठे नाही, हेही सांगावे लागते, तो अनुयोगी. 'जमिनीवर घट नाही' असे म्हटले म्हणजे घट हा प्रतियोगी, जमीन हा अनुयोगी. या जमिनीवर घट नाही म्हणून जगात घटच नाहीत असे होत नाही. कुंभाराच्या अंगणात शंभर असतील.

हा न्याय टंचाईला लावून पाहावा. कोणी 'टंचाई आहे' म्हणाला की दोन प्रश्न विचारावे : कशाची? आणि कोणाच्या घरी? मग अर्धा गलबला तिथेच थांबतो. 1943 साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि वीस-तीस लाख माणसे अन्नावाचून व त्यामागून आलेल्या रोगराईने गेली. पीक बुडाले, धान्य नव्हते, म्हणून माणसे मेली, असेच पुष्कळांना वाटत होते. अमर्त्य सेन यांनी 1981 साली आपल्या ग्रंथात त्याची उलटतपासणी केली. धान्य माणसे मरण्याइतके घटलेच नव्हते. युद्धामुळे भाव चढले, सरकारने व सावकारांनी धान्य ओढून घेतले, आणि शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या मजुरीला तो भाव परवडेना. अभाव होता तो मजुराच्या मडक्यात, बंगालच्या भूमीत नव्हे. आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? बंगालची गोष्ट उलटी होती. आडात होते, पोहरा ज्याच्या हाती होता त्याने तो वर येऊ दिला नाही.

आता आपल्या महाराष्ट्राचे पाहा. 1963 साली आपल्या विधिमंडळाने एक कायदा करून राज्यातील सगळ्या कायद्यांमधून 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ, हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द बसवला. दुष्काळाने माणसे मरतात तशी आता मरू द्यायची नाहीत, असा त्यामागचा अभिमान होता, आणि तो अगदी पोकळ होता असे नाही. पण शब्द पुसल्याने वस्तू पुसली जात नाही. कुंकू पुसले म्हणून नवरा मरत नाही, आणि लावले म्हणून परत येत नाही. नऊच वर्षांनी 1972 चा दुष्काळ आला. तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी आमच्या पिढीने खाल्ली आहे. ती घशाखाली उतरत नसे, पण उतरली म्हणून आज लिहितो आहे. त्या वर्षी माणसे वाचली ती कशाने? धान्य एकाएकी पिकले म्हणून नव्हे. सरकारने खडी फोडण्याची, तलावांची, रस्त्यांची कामे काढली आणि मे 1973 मध्ये त्या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. मजुरीचे पैसे हाती आल्यावर बाजारातले धान्य मडक्यात आले. वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेली रोजगार हमी ती हीच. 1977 मध्ये तिचा कायदा झाला व 1979 पासून तो अमलात आला. कागदावर 'टंचाई' म्हणा की 'दुष्काळ' म्हणा, अनुयोगी कोण हे ज्याने ओळखले त्याने माणूस वाचवला.

कागलकरांना हे नवे सांगावयास नको. याच गावच्या घाटगे घराण्यात 1874 साली जन्मलेले यशवंतराव पुढे दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले, आणि 1894 मध्ये कारभार हाती येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच 1896-97 चा दुष्काळ व त्यापाठोपाठ प्लेग असे दोन पाहुणे एकदम दारी आले. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई दिली, कामे काढली. एवढ्यावर न थांबता पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, जे त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर ते पुरे झाले. पोटापुरते आज वाढणे आणि उद्याचा आड खणणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. पुष्कळ राज्यकर्ते दुसऱ्याचे नाव सांगून पहिले टाळतात.

आता मुख्य शंकेकडे येतो. ती शंका मला एका ऊसतोड करणाऱ्या बाईने विचारली. हंगाम ऐन भरात होता. तालुक्यातल्या एका गावी कीर्तन होते, विषय समाधानाचा. बीडकडची टोळी फडाच्या कडेला खोपी घालून राहिली होती. त्यातली चार माणसे मागे येऊन बसली. कीर्तन संपून आरती झाल्यावर ती बाई पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, समाधान मानावं म्हनता, मानते. पर आमी सोडावं काय, त्ये बी सांगा."

या प्रश्नाला शास्त्री मंडळींच्या सभेतही मान द्यावा लागेल. हाच पूर्वपक्ष पुस्तकी भाषेत आपले टीकाकार मांडतात : संतांनी गरिबाला समाधान शिकवले, म्हणून श्रीमंताचे फावले, टंचाई मुकाट सोसण्याचे ते औषध आहे. हे म्हणणे निव्वळ द्वेषाने केलेले आहे असे समजून सोडून देऊ नये. समाधानाचा उपदेश चुकीच्या दारात नेला तर तो खरोखरच तसा होतो. उपवास आणि उपासमार यांत पोट सारखेच रिकामे असते. पण उपवासात अन्न घरात असते आणि आवरणारा मी असतो. उपासमारीत अन्नही नसते आणि आवरण्याचा अधिकारही नसतो. ज्याच्या घरी दाणा नाही त्याला एकादशीचे माहात्म्य सांगणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. (आणि ज्याच्या घरी आहे त्याची एकादशी साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, राजगिरा यांनी दुप्पट खाशी होते, ते वेगळेच.)

संतांनी काय केले ते त्यांच्या चरित्रांत पाहावे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. भुकेल्यांना 'प्रारब्ध आहे, नाम घ्या' असे सांगता आले असते. तेही नामधारक होते, शोभले असते. त्यांनी कोठारे उघडली. पुढची कथा आपण सर्व जाणतो : विठू महाराचे रूप घेऊन देव बेदरला गेला आणि धान्याची किंमत भरली. पण कथेतल्या एका बारकाव्याकडे आपले लक्ष कमी जाते. देवाने पैसे भरले आणि पावती घेतली. 'सगळे धान्य माझेच आहे, हिशेब कसला मागता?' असे तो म्हणाला नाही, वास्तविक त्याला तसे म्हणता आले असते. म्हणजे भुकेल्याला आधी द्यावे, पण ज्याचे घेतले त्याचा हिशेब चुकता करावा, पावतीसकट. दयेने हिशेब बुडत नाही, तो कोणीतरी भरावा लागतो.

दुसरे चरित्र देहूचे. 1630 च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात तुकोबारायांच्या घरी अन्नावाचून पत्नी गेली, मूल गेले. घरी सावकारी होती, लोकांची खते होती. दुष्काळ ओसरला, पाऊस पडला. आता वसुलीचे दिवस! कारण पाऊस पडला तरी दुष्काळ कागदात शिल्लक राहतो. ज्याने उपाशीपोटी अंगठा उठवला त्याच्या नातवापर्यंत तो चालत येतो. तुकोबांनी ती खते इंद्रायणीत टाकली. पण कोणती? धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला देऊन, आपल्या अर्ध्या वाट्याची. भावाला त्यांनी वैराग्य शिकवले नाही, त्याच्या वाट्याला हात लावला नाही. स्वतःच्या घरचे सोडले. समाधान हे असे आपल्या अंगणात सांगावयाचे असते. दुसऱ्याच्या उण्यावर मात्र समाधान चालत नाही, तिथे कोठारच उघडावे लागते. संतांनी हा विवेक कधी चुकवला नाही. आपण चुकवतो आणि त्यांच्या नावावर खपवतो.

तेव्हा त्या बाईला मी म्हणालो, "माउली, तुमच्यापाशी सोडण्याजोगं काही नाही. सोडायचं आहे ते उचल देणाऱ्यानं." ऊसतोड म्हणजे काय, हे दुरून वाचणाऱ्यांसाठी सांगतो. हंगामाआधी मुकादम नवराबायकोच्या एका कोयत्याला हजारो रुपये उचल देतो. त्या पैशात लग्न होते, दवाखाना होतो, मागले देणे फिटते. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडावयाची. फिटली नाही तर बाकी पुढल्या हंगामावर. इंद्रायणीत बुडालेले खत आमच्या फडात पुन्हा वर आलेले दिसते. त्यांच्या गावी पाणी नाही म्हणून ती इकडे येतात. इकडे पाणी आहे म्हणून ऊस आहे. बिद्री, कागल, हमिदवाडा येथे कारखाने आहेत, आणि ऊस तोडणारे हात आमच्याकडे नाहीत म्हणून आम्हीही म्हणतो, 'मजुरांची टंचाई.' एकाच बांधावर दोन टंचाया शेजारी-शेजारी उभ्या. एकीला भाकरी नाही, दुसरीला नफा कमी पडतो. व्याकरणात दोन्हींना शब्द एकच.

इथे नैयायिकांचा चौथा अभाव उपयोगी पडतो. त्यांनी अभावाचे चार प्रकार केले आहेत. अजून झाले नाही तो प्रागभाव, होते ते गेले तो प्रध्वंसाभाव, कधीच नसते तो अत्यंताभाव, आणि हे म्हणजे ते नव्हे तो अन्योन्याभाव : घट म्हणजे पट नव्हे. तशी गरज म्हणजे हाव नव्हे. गरजेचे पोट भरते. चार भाकरी खाल्ल्यावर पाचवी नको म्हणते. हावेत तृप्तीचा अत्यंताभाव आहे, वायूत रूपाचा असतो तसा. कितीही वारा आणा, त्याला रंग दिसणार नाही. आजच्या बाजाराने ही गोष्ट चांगली ओळखली आहे. गरज पुरी झालेल्या गिऱ्हाइकाला माल खपवायचा तर त्याच्या घरी नवी टंचाई नेऊन ठेवावी लागते. 'थोडेच नग शिल्लक', 'आजचा शेवटचा दिवस', अशा पाट्या दुकानांवर आणि आता हातातल्या मोबाइलवर दिवसभर झळकतात. पूर्वी व्यापारी माल लपवून टंचाई करत असे, तो साठेबाज. हल्ली माल डोळ्यांसमोर मांडून मनात टंचाई करतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. आमच्या वेळ नसलेल्या नातवाचे कोडे इथे सुटते. मोट सुटल्याने वाचलेला वेळ त्याच्या पदरात पडलाच नाही, वाटेतच विकला गेला.

पण हाव दुसऱ्याची दिसते तितकी आपली दिसत नाही. म्हणून घरचेच उदाहरण घेतो, थोडे कडू आहे.

काळम्मावाडीच्या धरणाने दूधगंगा आमच्या तालुक्याला बारमाही झाली. धरणात 25 टीएमसीच्या वर पाणी मावते, त्यात कर्नाटकाचाही वाटा आहे. पलीकडे इचलकरंजी, यंत्रमागांचे शहर. 2011 च्या खानेसुमारीत तिथे पावणेतीन लाखांहून अधिक माणसे होती. पंचगंगा त्यांच्या उंबऱ्याशी वाहते, पण सांडपाण्याने व रंगाच्या पाण्याने ती पिण्याजोगी राहिली नाही. 2012 मध्ये तिथे काविळीची साथ येऊन माणसे दगावली. वारणेचे पाणी न्यावे म्हटले, तर वारणाकाठ उठला. मग आमच्या तालुक्यातील सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी न्यावयाची योजना निघाली. 2022-23 च्या सुमारास आमच्याकडे तिला विरोध झाला, मोर्चे निघाले. दोन्हीकडच्या फलकांवर एकच शब्द होता, टंचाई.

आता उलटतपासणी करू. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर हे धरलेले माप. तीन लाख माणसे म्हटली तर दिवसाला सुमारे चार कोटी लिटर, सालाला पंधराशे कोटींच्या आत. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या शहराचे सालभराचे पिणे-वापरणे सुमारे अर्धा टीएमसी. गळती धरून पाऊण म्हणा. आणि ऊस? पाटाने पाजलेल्या एका एकराला, पावसाचे धरून, वर्षाकाठी कोटभर लिटर पाणी लागते. म्हणजे शहराची तहान आणि पंधराशे एकर उसाची तहान जवळपास सारखी. ठिबकावर उसाचे पाणी पुष्कळ वाचते, निम्म्यापर्यंतही वाचते. तेव्हा दूधगंगेच्या खोऱ्यात तीन हजार एकर ऊस पाटावरून ठिबकावर गेला तर एका शहराला पिण्यापुरते पाणी निघते, आणि आमचे एक कांडेही वाळत नाही.

यावर आमचे शेतकरी म्हणतील, "बुवा, ठिबकाचं पैसं कोण देनार? धरणात आमच्या भावकीची गावं गेली, काही ठिकाणी कालवं अजून पोचलं न्हाईत, आनि आता पाणी दुसऱ्यानं न्यायचं?" हे म्हणणे रास्त आहे. दामाजीपंतांची पावती ती हीच. ज्याला पाणी हवे त्याने, किंवा त्याच्या वतीने सरकारने, ठिबकाचा खर्च भरावा, उठलेल्या गावांचे देणे आधी चुकते करावे, आणि पावती आमच्या हाती द्यावी. पण पावती मागणे वेगळे आणि कोठाराला कुलूप लावणे वेगळे. पिण्याचे पाणी पहिले, हा क्रम सरकारी जलनीतीतही लिहिला आहे. वारकऱ्याला तो वाचून कळावा लागू नये. दिंडीत तहानलेला कोणत्या तालुक्याचा, असे आपण विचारीत नाही.

उसाने आम्हांला शाळा दिल्या, पक्की घरे दिली, हे मी विसरलेलो नाही. पण राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा थोडा आणि ओलिताच्या पाण्यातला वाटा अर्ध्याहून अधिक, हेही जाणकार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. आमचा ऊस म्हणजे गरज किती आणि पुढचे किती, हे ज्याचे त्याने आपल्या बांधावर उभे राहून ठरवावे. मी कीर्तनकार, मला एक गुंठाही ऊस नाही, म्हणून मला बोलणे सोपे, असे कोणी म्हणेल तर म्हणो. हिशेबाचे आकडे माझे नाहीत.

येत्या चातुर्मासात इचलकरंजीला निरूपणासाठी जावयाचे आहे. तिथेही हाच विषय घेणार आहे. फक्त तिथे अभावाचा दुसरा प्रकार आधी सोडवावा लागेल : उंबऱ्याशी नदी होती, ती पिण्याजोगी होती, आणि ती तशी राहिली नाही. ती कोणी बुडवली, आणि तिची पावती कोणाकडे आहे, हे तिथल्या श्रोत्यांना विचारून मगच दूधगंगेकडे येईन.